बासोच्या आईचं घर

प्रत्येक स्वयंपाकघरात दाराआड एक पिशवी लटकत असते, पिशव्यांनीच भरलेली. ती कोणी मुद्दाम जमवत नाही, पण कधी रिकामीही होत नाही. ऑफिसातले किस्से असेच साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात, आणि त्यात एखादा फाटका निघतो, जो आपण पटकन परत आत कोंबतो.

माझ्या पिशवीतले बहुतेक किस्से बासोचे आहेत. टोकियोतल्या आमच्या हिगाशी-कसाईच्या मित्रमंडळींत मी ते इतक्यांदा सांगितलेत, की माझी बायको मुग्धा पंचलाइन यायच्या आत चहा टाकायला उठते. फक्त आजवर सांगताना मी काही भाग गाळायचो. जिथे जिथे मी वाईट दिसतो, तो भाग. आज काही न गाळता सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

*

आमची कंपनी टोकियोजवळच्या त्सुकुबात आहे. ग्रीनहाउससाठी सेन्सर आणि सॉफ्टवेअर बनवते. मी पुण्याचा आणि कामत मुंबईचा, आम्ही दोघं सॉफ्टवेअरवाले. निशिदा-सान आमचे साहेब. ऑफिसच्या मागे एक छोटं ग्रीनहाउस आहे. तिथे टोमॅटो आणि काकड्यांवर आमचे प्रयोग चालतात, आणि त्या टोमॅटो-काकड्यांना आमच्यापासून वाचवण्याचं काम बासो करतो.

बासो इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचा, बुगिस लोकांपैकी. आमच्याकडे यायच्या आधी तो इथल्याच एका शेतावर राबत होता. जपानी तिथे शिकला, त्यामुळे त्याची जपानी शेतकऱ्यासारखी, मोठ्या आवाजातली आणि बिनचूक. माझी जपानी सहा वर्षांनंतरही 'स्टेशन कुठे आहे?' या प्रश्नाच्या पुढे एक-दोन स्टेशनंच गेलीय.

तो रुजू झाला त्या दिवशी निशिदा-साननी सगळ्यांना बसवून विचारलं, "तुमचं गाव कशासाठी प्रसिद्ध आहे, सांगा बघू."

मी पुण्यावर पंधरा मिनिटं बोललो. शिक्षण, संस्कृती, हवा, आयटी आणि मिसळ! कामत म्हणाला, "मुंबई. पुढे काही सांगायची गरज नाही." मग बासोची पाळी आली. तो विचार करून म्हणाला,

"लाज."



"आमच्या गावात लोक लाज जपतात," त्याने समजावून सांगितलं. "लाज गेली की माणूस गेला, असं म्हणतात." मग आपण जरा कमीच सांगितलं असं वाटून तो घाईघाईने म्हणाला, "रेशीम पण विणतात!"

मी आणि कामत पोट धरून हसलो. पुढे कित्येक महिने तो आमचा परवलीचा शब्द होता. "बग काढलास का रे?" "काढला. रेशीम पण विणलं!"

*

त्याच्या गावाचं नाव लिपुरेन्नु. मी म्हटलं, बघू तरी कुठे आहे. मीटिंग रूमच्या मोठ्या स्क्रीनवर नकाशा उघडला आणि नाव टाकलं. काही सापडेना. स्पेलिंग चार प्रकारे बदलून बघितलं. एकदा चपलांचं दुकान निघालं, तेही भलत्याच देशात.

शेवटी मी हात झटकले. "बासो-सान, असं गावच नाहीये!"

तो स्क्रीनजवळ गेला, एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे आमचं तळं." मग बोट थोडं उजवीकडे, नुसत्या हिरव्या रंगावर नेलं. "इथे."

"इथे काही नाही. बघा ना, कोरं आहे."

"असेल," बासो शांतपणे म्हणाला. "पण आई तिथेच आहे. सकाळीच बोललो."

*

त्यांची घरं लाकडी खांबांवर उभी असतात, माणसाच्या डोक्याच्या वर. वर चढायला शिडी. धान्य त्याहून वर, छपराखालच्या माळ्यावर. हे त्याने डब्याच्या वेळी फोनवरचे फोटो दाखवत सांगितलं. त्याच्या आईच्या घराला सात पायऱ्या आहेत. शिडीच्या पायथ्याशी पाण्याचा माठ ठेवलेला, पाय धुऊन वर जायचं.

कामतने विचारलं, "म्हणजे खाली सगळं पार्किंग?"

"हो," बासो म्हणाला. त्याला टोमणा कळायचा नाही, किंवा कळूनही तो उत्तर द्यायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "खाली आईचा माग, मोटरसायकल, बदकं. आणि दुपारी मामा."

"मामा पार्क केलेले?"

"झोपाळ्यात. संध्याकाळी काढतो आम्ही त्यांना."

*

आता मलमाचा किस्सा. हा मी नेहमी अर्धाच सांगतो.

बासो ऑफिसात कोणाच्या समोरून जाताना कमरेत वाकायचा, उजवा हात खाली जमिनीकडे न्यायचा आणि तसाच हळूच पलीकडे जायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, याचं काहीतरी पडलं. मी लगेच मोबाइलचा टॉर्च लावून टेबलाखाली शिरलो. "काय पडलं? पेनड्राइव्ह?" तो गोंधळून माझ्याबरोबर खाली बसला आणि शोधू लागला. आम्ही दोघांनी पाच मिनिटं न पडलेली वस्तू शोधली!

मग मी निष्कर्ष काढला की बिचाऱ्याची पाठ गेलीय. शेतात राबलेला माणूस. पुण्याहून आईने पाठवलेल्या पिवळ्या मलमाच्या दोन बाटल्या त्याच्या हातात ठेवल्या आणि कुठे कसं चोळायचं याचं प्रात्यक्षिकही सगळ्यांदेखत दिलं, स्वतःची पाठ उघडी करून. त्याने दोन्ही हातांनी बाटल्या घेतल्या.

निशिदा-सान मला बाजूला घेऊन म्हणाले, "पराग-सान, ते पाठ दुखते म्हणून नाही वाकत. 'तुमच्या समोरून जातोय, माफ करा' असं म्हणतायत. आम्हीही हात पुढे करून जातो की. सहा वर्षं बघताय ना तुम्ही?"

इथे सगळे हसतात आणि मी थांबतो. पुढचं असं, की मी त्या दिवशी 'चुकलो' म्हणालो नाही. म्हटलं, दिलेलं मलम काय परत मागायचं? बासोने ते गावाला आईकडे पाठवलं. सात पायऱ्या चढून तिचे गुडघे दुखायचे. महिन्याभराने तो आला आणि संकोचत म्हणाला, "आई विचारते, ते मलमवाले भाऊ बरे आहेत ना?"

तेव्हापासून पुण्याहून दर पार्सलला दोन बाटल्या जास्त येतात. माझ्या आईला वाटतं, जपानात माझेच गुडघे गेलेत.

*

उपासाचा किस्सा मी आजवर कोणालाच सांगितलेला नाही. हा फाटक्यांपैकी.

बासो कधीकधी डब्यात बुरासा आणायचा. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, केळीच्या पानात गुंडाळून पुन्हा वाफवलेला. टेबलावर पान उलगडलं की काय वास यायचा! त्याने पहिला तुकडा माझ्यापुढे धरला. त्यात मासा नव्हता, मटण नव्हतं, काही नव्हतं. पण माझ्या डोक्यात आलं, याच्या घरच्या पातेल्यात आधी काय काय शिजलं असेल! आणि तोंडातून निघालं, "आज माझा उपास आहे. मंगळवार."

झालं! बासो स्वतः महिनाभर रोजे करणारा, त्याला उपास माझ्यापेक्षा जास्त कळतो. उपाशी माणसासमोर खायचं नाही म्हणून पुढच्या मंगळवारपासून तो डबा घेऊन बाहेर ग्रीनहाउसच्या पायरीवर बसायला लागला. फेब्रुवारी महिना. त्सुकुबाचा तो डोंगरावरून येणारा वारा. मी काचेतून बघायचो. एका वाक्यात सांगता आलं असतं की मी खोटं बोललो. त्याऐवजी मी दर मंगळवारी डबा न आणता कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात जाऊन गुपचूप खायला लागलो.

चौथ्या मंगळवारी मी कोन्बिनीच्या पार्किंगमध्ये एका ट्रकच्या आड उभा होतो. तोंडात अंड्याचं सँडविच, एका घासात अर्धं. समोरून बासो आला.

आमची नजरानजर झाली. मला गिळताही येईना आणि बोलताही येईना. बासो थांबला. मग कमरेत वाकला, उजवा हात खाली नेला आणि माझ्याकडे न बघता माझ्या समोरून हळूच निघून गेला.

ऑफिसात तो कोणाला काही बोलला नाही. फक्त पुढच्या मंगळवारी टेबलावर बसून जेवला.

*

बदकांवरही मी हसलो होतो.

पावसाळ्यात त्याच्या गावचं तळं फुगतं. पाणी घरांखाली येतं, मग शिडीला होडी बांधतात. पूर्वी पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत यायचं, आता चौथीपर्यंत यायला लागलं होतं. हे ऐकून माझ्यातला इंजिनियर जागा झाला. म्हटलं, "आपला वॉटर-लेव्हल सेन्सर लावू तुमच्या आईकडे! पाणी वाढलं की फोनवर अलर्ट."

"बदकं आहेत," बासो म्हणाला. "पाणी यायच्या आधी ती शिडी चढतात."

कामतने लगेच स्लाइड बनवली. 'डक बेस्ड अलर्ट सिस्टिम, व्हर्जन वन'. आम्ही ती चक्क शुक्रवारच्या रिव्ह्यूत दाखवली, बासो तिथे बसलेला असताना.

पुढच्याच आठवड्यात इथे धो धो पाऊस झाला आणि आमच्याच ग्रीनहाउसमध्ये पाणी शिरलं. अलर्ट आला नाही. सेन्सरची बॅटरी बदलायचं काम माझं होतं आणि मी ते विसरलो होतो. सकाळी येऊन बघतो तर सगळी रोपं वरच्या फळीवर नीट मांडलेली. बासो पहाटेच येऊन गेला होता. "आकाश बघून वाटलं," एवढंच म्हणाला.

निशिदा-सान सहसा विनोद करत नाहीत. त्या दिवशी सेन्सरमधून पाणी ओतत ते म्हणाले, "बदकांची बॅटरी संपत नाही, पराग-सान."

त्याच महिन्यात बासोच्या गावीही पाणी आलं. या खेपेला पाचव्या पायरीपर्यंत.

*

एक दिवस जेवताना बासो म्हणाला, "पुढच्या पावसाच्या आत आमचं घर हलवायचंय."

"आई दुसरीकडे राहायला जाणार?" मी विचारलं.

"नाही, आई त्याच घरात राहणार. घर दुसरीकडे जाणार."

आम्ही चमचे खाली ठेवले. मग त्याने सांगितलं. खांबांना आडवे बांबू बांधतात. गावातले सगळे पुरुष खाली शिरतात, बांबू खांद्यावर घेतात. एक जण आरोळी देतो, आणि घर उचलून चालायला लागतात. छपरासकट, माळ्यासकट. भांडीकुंडी तेवढी आधी काढून ठेवायची. बायका सगळ्यांसाठी रांधतात. घर नव्या जागी ठेवलं की सगळे तिथेच जेवायला बसतात. त्याच्या आईचं घर तळ्यापासून दूर, वर रस्त्याकडे न्यायचं होतं.

"आणि कोणी आलंच नाही तर?" कामतने विचारलं. "कोणाचा कॉल असेल, कोणाची मीटिंग असेल."

"येतात. लाज असते ना."

मला त्यात फक्त एक फर्मास आयटम दिसला.

हिगाशी-कसाईच्या आमच्या मंडळाच्या गणपतीत करमणुकीचा कार्यक्रम असतो. माझे किस्से हा त्यातला मानाचा भाग. त्या वर्षी मी आणि कामतने 'लिपुरेन्नु को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' सादर केली. मी बासो झालो. वाकून, हात खाली घालून स्टेजभर फिरलो. "गाव कशासाठी प्रसिद्ध?" "लाज! रेशीम पण!" मामा पार्क केले, बदकांना सलाम केला. मग आम्ही दोघांनी मंडळाचं टेबल दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, "चला, आईला घेऊन घर चाललं!" असं ओरडत. कामतने ऐन वेळी आपली एक ओळ घुसवली, "आमच्यात चार जण खांदा देतात ते एकदाच!"

हॉल कोसळायचाच बाकी होता! लोक खुर्च्यांवरून घसरत होते. आयुष्यात मला एवढा हशा कधी मिळाला नव्हता.

टेबल खाली ठेवताना मला मागच्या दाराशी बासो दिसला.

मुग्धाने त्याला बोलावलं होतं, मला सांगायची विसरली. हातात मोठं पातेलं धरून तो उभा होता. शेजारी माझी मुलगी इरा. इरा आठ वर्षांची. आम्ही मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. बासो तिचा लाडका, कारण तो तिला काकड्या तोडू देतो.

मला वाटलं, ठीक आहे, याला मराठी कुठे येतं! मग मी बघितलं. इरा त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती. हळू, नीट, एक एक वाक्य. त्याने विचारलं होतं, बाबा काय म्हणतोय. आणि ती जपानीत सगळं सांगत होती. लाज. रेशीम. बदकं. मामा. आई.

मी जवळ पोचलो तेव्हा ती माझ्याकडे वळली. "बाबा, चार जण खांदा म्हणजे काय? ते मला सांगता आलं नाही."



बासोने पातेलं मुग्धाकडे दिलं. "बुरासा आहे. सगळ्यांना पुरेल," तो म्हणाला. "पातेलं नवीन आहे. यात मासा कधी शिजलेला नाही."

मग माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "पराग-सान, तुम्ही हातांनी उचललंत," तो म्हणाला. "हातांनी नाही उचलत. खांद्याने." आणि सगळ्यांच्या समोरून, वाकून, हात खाली घेऊन, हॉलच्या बाहेर निघून गेला. जेवायला थांबला नाही.

पातेल्यातले चार बुरासा मी घरी येऊन ओट्याशी उभ्यानेच खाल्ले. आपल्या नारळीभातासारखे लागतात, फक्त गूळ नसतो.

*

त्यानंतर बासोने गावाची गोष्ट सांगणं बंद केलं.

बाकी काही बदललं नाही. गुड मॉर्निंग म्हणायचा, काकड्या आणून द्यायचा. पण डब्याच्या वेळी तळं नाही, मामा नाहीत, घराचं काय झालं तेही नाही. आम्ही तिघं हवामानावर बोलायचो. सेन्सरवाल्यांनी हवामानावर बोलणं म्हणजे किती कंटाळवाणं, कल्पना करा.

मुग्धा रोज विचारायची, "म्हणालास का सॉरी?"

"जपानीत नीट जमत नाही गं."

"मग मराठीत म्हण. त्याला कळेल. तुला कुठे म्हणायचंय!"

शेवटी मी ऑफिसातला माणूस जे करतो ते केलं. कॅलेंडर इन्व्हाइट पाठवलं. विषय: 'माफी'. वेळ: पंधरा मिनिटं. स्थळ: ग्रीनहाउस. पाठवल्यावर लक्षात आलं की ते टीमच्या कॅलेंडरवर गेलंय, सगळ्यांना!

दुसऱ्या दिवशी सकाळी निशिदा-सान काळा सूट घालून आले. हातात मिठाईचा भला मोठा बॉक्स. बरोबर क्वालिटी डिपार्टमेंटचे दोघं, तेही काळ्या सुटात. इथे कंपनीची चूक झाली की असंच जातात ग्राहकाकडे, मिठाई घेऊन कमरेत वाकायला. तिघं ग्रीनहाउसच्या दारात रांगेत उभे राहिले. निशिदा-सान गंभीरपणे म्हणाले, "पराग-सान, आपण कोणाचं नुकसान केलंय?"

समोर बासो काकड्यांची टोपली घेऊन उभा.

एवढी तयार संधी आयुष्यात कोणाला मिळत नाही. सूट होता, मिठाई होती, माणूस समोर होता. फक्त बोट दाखवायचं होतं.

मी म्हणालो, "सर्व्हर. सर्व्हर थोडा वेळ बंद होता. म्हणून."

निशिदा-साननी माझ्याकडे एकदा आणि बासोकडे एकदा बघितलं. मग बॉक्स उघडला आणि सगळ्यांना मिठाई वाटली. बासोने दोन्ही हातांनी घेतली आणि मला म्हणाला, "सर्व्हर बरा होवो."

*

घर हलवायचा दिवस मला निशिदा-सानकडून कळला. बासोला रजा मिळण्यासारखी नव्हती, टोमॅटो ऐन भरात होते. त्याने फक्त विचारलं होतं, की शनिवारी सकाळी ग्रीनहाउसमध्ये मोठा स्क्रीन लावता येईल का. फोनवर सगळं गाव मावत नाही.

स्क्रीन मी लावला. वायफाय तीनदा तपासलं. बॅटरीसुद्धा! कामत रजेवर मुंबईला गेला होता. इरा हट्टाने माझ्याबरोबर आली. निशिदा-सानही आले, सुट्टीच्या दिवशी, हातात मिठाईचा बॉक्स. "घर आहे शेवटी," म्हणाले.

स्क्रीनवर लिपुरेन्नु आलं. मागे तळं, आणि नकाशावरच्या त्या कोऱ्या हिरव्या जागेत एवढी माणसं! मधोमध घर. शिडी काढून बाजूला ठेवलेली, त्यामुळे ते उगाचच उघडं वाटत होतं. खांबांना आडवे बांबू बांधलेले. पलीकडे बायका मोठाल्या पातेल्यांभोवती. बदकं टोपलीखाली कोंडलेली, त्यांचा कालवा चाललेला.

एक लहानखुरी म्हातारी फोनच्या अगदी जवळ आली. आधी तिचा डोळा दिसला, मग चेहरा. ती बासोशी बोलली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"आई म्हणते, मलमवाले भाऊ हेच का?"

मी मान डोलावली. ती हसली, गुडघ्यावर हात मारून दाखवला आणि आणखी काहीतरी म्हणाली.

"आई विचारते, टोकियोत आमचं घर आधी उचलून दाखवलं, तेही हेच का?"

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"जे झालं ते. टोकियोत, देवासमोर, माझ्या ऑफिसच्या मित्राने आमचं घर उचललं. हॉलभर माणसं होती."

"आणि लोक हसले, ते?"

"सांगितलं की. सगळे खूप खूश होते."

इरा माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. मी बासोकडे वळलो. "बासो-सान, त्या दिवशी मी जे..."

तिकडून आरोळी उठली. आई बाजूला झाली. माणसं घराखाली शिरून बांबूखाली वाकली, खांद्याला खांदा लावून. मागच्या बांबूवर माणूस, माणूस, मग एक फट, तिच्या शेजारी आणखी एक फट, मग पुन्हा माणूस. एवढी गर्दी, पण सरकून त्या दोन जागा कोणी भरत नव्हतं.

"तिथे माणसं कमी आहेत का?" मी विचारलं.

"नाही. पहिली जागा माझी," बासो म्हणाला. "दुसरी आईने राखून ठेवायला लावली."

"कोणासाठी?"

तो स्क्रीनसमोर, टोमॅटोच्या दोन ओळींमध्ये वाकला आणि डावा खांदा पुढे केला. इरा धावत जाऊन त्याच्या पलीकडे वाकली. निशिदा-साननी बॉक्स खाली ठेवला. तिकडे मोजायला सुरुवात झाली. मी घाईघाईने पुढे झालो, बासोच्या शेजारी वाकलो आणि दोन्ही हात वर केले.

"पराग-सान," तो वर न बघता म्हणाला, "हात नाही. खांदा."